उत्स्फूर्त, उपज, ऐनवेळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न ठरवता घडलेल्या गोष्टीसाठी मराठीत एक शब्द नाही, चांगले डझनभर आहेत. ग्वाल्हेरात घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, त्यामुळे या शब्दांची इथे जरा जास्तच सरमिसळ होते. सर्वांत जास्त विचारणा 'उत्स्फूर्त'बद्दल असते, म्हणून सुरुवात तिथून.

'उत्स्फूर्त' म्हणजे नेमकं काय?

कुणी न सांगता, आधी न ठरवता, आतून उसळी आली म्हणून झालेलं. यात 'आतून' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. वेळ कमी होता, तयारी नव्हती, घाई झाली, या गोष्टी 'उत्स्फूर्त'च्या अर्थात येत नाहीत. गाणं संपताक्षणी श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या तर त्या उत्स्फूर्त. निवेदकाने "जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत" म्हटल्यावर वाजल्या तर त्या नुसत्या टाळ्या.

शब्द बनला कसा?

उद् + स्फूर्त. 'उद्' हा उपसर्ग म्हणजे वर, बाहेर. पुढे स हे कठोर व्यंजन आल्यामुळे द् चा त् झाला. उत्साह, उत्सव, उत्सर्ग यांतही तेच घडलं आहे. 'स्फूर्त' आला 'स्फुर्' या संस्कृत धातूपासून. हा सहाव्या गणातला, म्हणजे तुदादी धातू, रूप 'स्फुरति'.

'स्फुर्' चा मूळ अर्थ 'सुचणे' का?

नाही, सुचणं फार नंतर आलं. वेदांच्या भाषेत हा धातू पायाच्या हिसक्याशी जोडलेला आहे: लाथेने दूर लोटणं, झटका देणं. घोड्याला टाच मारण्यासाठी बुटाला जे टोकदार लोखंड लावतात, त्याला इंग्रजीत 'स्पर' म्हणतात. तो शब्द याच कुळातला. हिसक्यावरून अर्थ थरथरण्यावर गेला. कालिदासाच्या शाकुंतलात आश्रमात शिरताना दुष्यंताचा बाहू स्फुरतो तो या अर्थाने, आणि तो शुभशकुन मानला आहे. थरथरण्यावरून लकाकणं आलं, कारण थरथरणारी ज्योत किंवा पाणी चमकतं. आणि चमकण्यावरून डोक्यात कल्पना चमकणं. मराठीने या पायऱ्या आजही जपल्या आहेत. 'बाहू स्फुरू लागले' यात थरथर आहे, 'स्फुरण चढलं' यात जोर आहे, 'कविता स्फुरली' यात सुचणं आहे.

लकाकण्याचा अर्थ भलत्याच ठिकाणी टिकून आहे: खताच्या गोणीवर. फॉस्फरसला मराठीत 'स्फुरद' म्हणतात (नत्र, स्फुरद, पालाश), आणि मध्य प्रदेशच्या शेतीविषयक हिंदीत नुसतं 'स्फुर'. पांढरा फॉस्फरस हवेत मंद उजळतो, म्हणून हे नाव. तेव्हा कवी आणि खतविक्रेता एकाच धातूवर जगतात असं म्हणायला हरकत नाही.

'स्फुरण' मध्ये उकार ऱ्हस्व आणि 'स्फूर्ती' मध्ये दीर्घ, असं का?

हा पाणिनीचा नियम आहे (8.2.77, 'हलि च'). धातूच्या शेवटी र् असेल आणि त्याच्यापुढे लगेच व्यंजन आलं, तर र् च्या आधीचा इ किंवा उ दीर्घ होतो. स्फुर् + ति यात र् नंतर त् आला, म्हणून स्फूर्ति. स्फुर् + अन यात र् नंतर स्वर आला, म्हणून स्फुरण. लिहिताना एवढंच बघायचं: र चा रफार होऊन तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसला का? बसला असेल तर ऊ दीर्घ. स्फूर्त, स्फूर्ती, उत्स्फूर्त हे सगळे दीर्घ. स्फुरण, स्फुरणे, स्फुरलेलं हे ऱ्हस्व.

आणखी एक गाठ इथेच सोडवून टाकू. 'स्फूर्ती' एकटा लिहिला की शेवटची वेलांटी दीर्घ, पण समासात तो पहिला आला की मूळ ऱ्हस्व इकार परत येतो: स्फूर्तिदायक, स्फूर्तिस्थान. 'स्फूर्तीदायक' ही चूक इतकी रुळली आहे की बरोबर रूपच अनेकांना चुकीचं वाटतं. प्रत्यय लागल्यावर मात्र दीर्घच: स्फूर्तीने, स्फूर्तीचा.

बरेच जण 'उस्फूर्त' लिहितात. चालेल का?

नाही. त् गळला की उपसर्गच गेला. ही चूक कानामुळे होते. त्, स् आणि फ् अशी तीन व्यंजनं सलग आली की जीभ पहिल्याला गिळते. उच्चार तोडून करावा: उत्, मग स्फूर्, मग त. चार-पाच वेळा असा सावकाश म्हटला की जोडून म्हणतानाही त् टिकतो.

फ चीही काळजी घ्यावी. मराठी फ म्हणजे प् अधिक ह. 'फूल' म्हणताना दोन्ही ओठ मिटतात, तसेच ते इथेही मिटले पाहिजेत. हिंदीत नुक्त्याचा फ़ कानावर पडत असल्याने इथली मुलं वरचे दात खालच्या ओठाला लावून 'स्फ़ूर्ती' म्हणतात. कवितावाचनात ते लगेच ऐकू येतं.

मोबाइलवर टंकताना क्रम असा: उ, त, हलन्त, स, हलन्त, फ, दीर्घ उकार, र, हलन्त, त. एकूण दहा कळा. पहिला हलन्त राहिला तर 'उतस्फूर्त' उमटतं. तिसरा हलन्त र च्या आधी पडला तर रफाराऐवजी भलतंच जोडाक्षर तयार होतं.

'उपज' हा 'उत्स्फूर्त'चाच भाऊ का? तो 'उप' उपसर्गापासून झालाय ना?

भाऊ आहे, पण 'उप'कडून नाही. ही समजूत फार पसरलेली आहे. संस्कृत 'उत्पद्यते' (उद् + पद्) याचं प्राकृतात 'उप्पज्जइ' झालं, त्यातून हिंदी उपजना आणि मराठी उपजणे. म्हणजे इथेही 'उद्'च आहे, फक्त घासून गुळगुळीत झालेला. 'उत्पन्न' हा शब्द त्याच धातूचा, पण संस्कृतातून थेट उचललेला.

ग्वाल्हेरकरांना याचा पुरावा रस्त्यावरच मिळतो. मध्य प्रदेशात बाजार समितीच्या फाटकावर 'कृषि उपज मंडी' लिहिलेलं असतं, आणि महाराष्ट्रात त्याच संस्थेला 'कृषी उत्पन्न बाजार समिती' म्हणतात. एकाच शब्दाची दोन रूपं, एक शेतातून घरी आलेलं आणि एक पोथीतून. मराठीत 'उपज' धान्यासाठी फारसा वापरत नाहीत. तो राहिला 'उपजत' मध्ये (जन्मापासून असलेलं) आणि गाण्यात.

गाण्यातली 'उपज' म्हणजे गायकाच्या मनाला येईल ते का?

मनाला येईल ते, पण मोजून. हद्दू-हस्सू खाँ या गवयांच्या या गावात हा प्रश्न जरा नीट बघायला हवा. ग्वाल्हेर घराण्यात आधी बंदिशीची स्थायी आणि अंतरा मांडून दाखवायचे, मग बहलावे, बोलआलाप, ताना अशी वाढ करायची, अशी शिस्त आहे. उपज सुरू होते ती बंदिश मांडून झाल्यावर. बंदिश ठरलेली, राग ठरलेला, ताल ठरलेला. न ठरलेलं असतं ते समेपासून (तालाच्या पहिल्या मात्रेपासून) पुढच्या समेपर्यंतच्या मोकळ्या जागेत काय भरायचं ते.

ती जागा किती असते बघा. तीनतालाच्या 16 मात्रा. द्रुत (जलद) बंदिशीचा मुखडा, म्हणजे समेकडे नेणारा सुरुवातीचा तुकडा, पुष्कळदा खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उचलतात. म्हणजे तान आठव्या मात्रेला संपली पाहिजे. लय मिनिटाला 240 मात्रांची असेल तर आठ मात्रा म्हणजे फक्त दोन सेकंद. एका आवर्तनात, म्हणजे तालाच्या एका फेरीत, जमलं नाही तर गायक मुखडा सोडून दुसऱ्या आवर्तनात जातो, पण तिथेही पुन्हा आठव्या मात्रेची वेस आहेच.

तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं. तिचं गणित त्याहून काटेकोर. समेवर सुरू करून पुढच्या समेवर संपवायची तर 16 अधिक 1 अशा 17 मात्रा हाताशी असतात. तुकडा तीनदा आणि मधल्या दोन विश्रांती मिळून 17 व्हायला हव्यात. पाच मात्रांचा तुकडा आणि एक मात्रेची विश्रांती: 15 आणि 2, बरोबर 17. तीन मात्रांचा तुकडा घेतला तर विश्रांती चार-चार मात्रांची: 9 आणि 8. चार मात्रांचा तुकडा घेतला की उरतात पाच, त्यांचे दोन सारखे भाग पूर्ण मात्रांत पडत नाहीत; अडीच-अडीच धरावे लागतात, आणि नवशिक्याची सम तिथेच हुकते. तयार गायकाला हे आकडे मोजावे लागत नाहीत, ते रियाजात अंगी मुरलेले असतात. म्हणून संगीतात 'उपज' आणि 'बिनतयारी' हे शब्द एका वाक्यात कुणी वापरत नाही.

संगीतशास्त्रज्ञ भातखंडे यांच्या योजनेनुसार 1918 मध्ये इथे माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं आणि स्वरलिपीवरून शिकवणं रूढ झालं. स्वरलिपीत बंदिश लिहिता येते, नमुन्याच्या ताना लिहिता येतात. लिहिलेली तान पाठ करून म्हटली की तिला मात्र उपज म्हणता येत नाही, ती कितीही सफाईदार असो.

'उत्स्फूर्त बंद' हा शब्दप्रयोग बरोबर आहे का?

दोन दिवस आधी पत्रक काढून जाहीर केलेला बंद उत्स्फूर्त कसा असेल? दुकानदारांनी बातमी ऐकली आणि कुणी न सांगता फळ्या लावल्या, तर उत्स्फूर्त. बंद जाहीर केलेला आहे, पण कुणीही दटावायला न येता सगळ्यांनी पाळला, तर 'बंदला उत्स्फूर्त प्रतिसाद' म्हणावं. तिथे विशेषण प्रतिसादाला लागतं, बंदला नाही. कार्यक्रमाच्या वृत्तांतात 'उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला' लिहिण्याआधी श्रोत्यांना बस पाठवून आणलं नव्हतं ना, एवढं आठवावं.

'स्वयंस्फूर्त' वेगळा का? हिंदीत तर 'स्वतःस्फूर्त' म्हणतात.

हिंदी 'स्वतःस्फूर्त' मराठीतल्या दोन्ही शब्दांचं काम करतो, म्हणून इथे गोंधळ होतो. मराठीत 'स्वयंस्फूर्तीने' म्हणजे सक्ती नसताना, स्वतःच्या इच्छेने. त्यात योजना असू शकते. रक्तदानासाठी महिनाभर आधी नाव नोंदवलं तरी ते स्वयंस्फूर्त आहे, पण उत्स्फूर्त नाही. न्यायालय तक्रारीशिवाय एखादं प्रकरण हाती घेतं तेव्हा यांतला एकही शब्द नको. 'स्वतःहून दखल घेतली' हेच मराठी.

'ऐनवेळी' आणि 'आयत्या वेळी' एकच ना?

रोजच्या बोलण्यात एकमेकांच्या जागी चालतात, पण दोघांची मुळं निराळी आणि सूरही निराळा.

'ऐन' अरबी आहे. मूळ अर्थ डोळा. त्यावरून खुद्द, नेमका, अस्सल. हिंदीतली 'ऐनक' म्हणजे चष्मा याच डोळ्याची. जुन्या मराठी हिशेबांत 'ऐनजिनसी' म्हणजे पैशांऐवजी खुद्द जिनसाच देणं. 'ऐन दुपारी', 'ऐन तारुण्यात' यात तोच नेमकेपणा आहे. म्हणून 'ऐनवेळी' म्हणजे बरोबर त्या मोक्याच्या क्षणी. या शब्दामागे बहुधा काहीतरी बिघडलेलं असतं: ऐनवेळी वीज गेली, ऐनवेळी पाहुण्यांनी येणं रद्द केलं.

'आयता' म्हणजे तयार, स्वतः कष्ट न करता मिळालेला. आयत्या बिळावर नागोबा, आयत्या पिठावर रेघोट्या. 'आयत्या वेळी' मध्ये आरोप कमी, कामकाज जास्त. संस्थेच्या सभेच्या विषयपत्रिकेत शेवटी असतं ते 'आयत्या वेळी येणाऱ्या विषयांवर अध्यक्षांच्या परवानगीने विचार करणे'. तिथे 'ऐनवेळचे विषय' लिहिलं तर अर्थ कळेल, पण रूढ शब्द तो नाही.

अकस्मात, यदृच्छया, सहज?

'अकस्मात' फोडला की मजा येते: अ + कस्मात्. 'कस्मात्' म्हणजे 'कशामुळे'. ज्याला 'कशामुळे' नाही ते अकस्मात. या शब्दात वेगापेक्षा कारण न दिसणं जास्त आहे, म्हणूनच 'अकस्मात मृत्यू' असं पोलिसी मराठीत लिहितात.

'यदृच्छा' गीतेत दोनदा भेटते (2.32 आणि 4.22): न मागता, आपोआप समोर आलेलं. रोजच्या बोलण्यात वापरला तर जड वाटतो, ललित लेखनात शोभतो.

'सहज' म्हणजे सह + ज, बरोबर जन्मलेलं, अंगचं. मराठीने त्याचा अर्थ हलका करत करत 'विशेष कारण नाही' इथवर आणला: "काही नाही हो काकू, सहज फोन केला." हेच जसंच्या तसं हिंदीत नेलं की घोटाळा. हिंदीत 'सहज' म्हणजे सोपं, स्वाभाविक. या जागी तिथे 'यूँ ही' लागतं.

'तदर्थ' आणि 'तात्पुरतं' यांत काय फरक?

'तदर्थ' म्हणजे तद् + अर्थ, 'त्या एका कामासाठी'. काम संपलं की समिती संपली. 'तात्पुरतं' म्हणजे तेवढ्यापुरतं, कायमचं नाही. पहिल्यात हेतूची मर्यादा, दुसऱ्यात मुदतीची. सरकारी हिंदीत 'तदर्थ नियुक्ति' दोन्ही अर्थांनी चालते. मराठी अर्ज लिहिताना नोकरीसाठी 'तात्पुरती नेमणूक' आणि समितीसाठी 'तदर्थ समिती' लिहावं. (तात्पुरतं किती काळ टिकू शकतं याचं उदाहरण पायाखालीच आहे. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला फौजेचा तळ टाकला. 'लश्कर' म्हणजे फौज, छावणी. तळ उठला नाही, त्याचंच लश्कर हे शहर झालं.)

'आततायी' चा मराठीत आणि हिंदीत वेगळा अर्थ का?

संस्कृतात आतत म्हणजे ताणलेलं. आततायी म्हणजे धनुष्य ताणून अंगावर येणारा. स्मृतिग्रंथांत सहा आततायी सांगितले आहेत: आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारणारा, धन, जमीन आणि स्त्री पळवणारा. हिंदीने हा गुन्हेगार तसाच ठेवला. मराठीने त्यातली फक्त अविचारी घाई उचलली. त्यामुळे आजीने नातवाला "असा आततायीपणा करू नये, राजा" म्हटलं तर ती त्याला समजावते आहे. शेजारच्या हिंदीभाषकाला मात्र मुलाने काय भयंकर केलं असा प्रश्न पडतो. 'तडकाफडकी' हा त्याचा सौम्य सोबती. त्यात वेग आहे, दोष असेलच असं नाही.

भाषणाच्या स्पर्धेला नाव काय द्यावं? 'उत्स्फूर्त वक्तृत्व स्पर्धा' बरोबर का?

गणेशोत्सवाच्या सुमारास लश्करातली मंडळं हे हमखास विचारतात. रूढ आहे, अर्थ पोहोचतो, पण काटेकोर नाही. चिठ्ठी उचलून बोलायला लावलं तर उसळी आतून कुठे आली? हिंदी शाळांतला 'आशुभाषण' हा शब्द खरंतर नेमका आहे. आशु म्हणजे लवकर. मराठीत 'शीघ्र' चालतो, कारण 'शीघ्रकवी' आपल्याला परका नाही. 'शीघ्र वक्तृत्व' किंवा सरळ 'आयत्या वेळच्या विषयावर भाषण' असं लिहावं.

नावापेक्षा नियमांत जास्त चुका होतात. विचार करायला किती मिनिटं, बोलायला किती, चिठ्ठी बदलता येईल का, कागदावर मुद्दे टिपता येतील का, या चार गोष्टी पत्रकात छापाव्यात. पुढच्याची विचाराची वेळ आधीचा बोलत असताना सुरू करू नये. समोरचं भाषण कानावर पडत राहतं आणि त्याचेच मुद्दे उचलले जातात. विषयही तपासून घ्यावेत. 'आमचं गाव' ही चिठ्ठी निघाली की पाठ केलेला निबंध बाहेर येतो आणि 'शीघ्र' नावालाच उरतं. 'कुलूप', 'उशिरा आलेलं पत्र' असे विषय बरे. पाठ करून येण्याची सोय नसते.

इंग्रजी शब्दांना नेमके प्रतिशब्द कोणते?

'स्पॉन्टेनियस'च्या मुळाशी लॅटिनमधली 'स्वेच्छा' आहे, त्याला उत्स्फूर्त जवळचा. 'इम्प्रोव्हाइज' म्हणजे मुळात 'आधी न पाहिलेलं'. गाण्यात उपज, स्वयंपाकघरात 'आहे त्यात भागवणं'. 'एक्स्टेम्पोर' म्हणजे त्या वेळेतूनच आलेलं, म्हणून आयत्या वेळचं. 'अॅडहॉक'ला तदर्थ अगदी शब्दाला शब्द बसतो. सर्वांत गमतीचा 'इम्प्रॉम्प्टू': लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'हाताशी तयार असलेलं', म्हणजे चक्क आपलं 'आयतं'.

जुन्या मराठी कोशात 'स्फूर्ती' शोधला, सापडला नाही. का?

शेवटी ऱ्हस्व इकार देऊन शोधा: 'स्फूर्ति'. तत्सम शब्दांचा शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा, हा आजचा नियम साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांतून रूढ झाला. मोल्सवर्थचा 1857 चा कोश आणि त्या पद्धतीचे इतर कोश हे शब्द संस्कृतासारखे ऱ्हस्वान्त देतात. संगणकावर शोधताना ति आणि ती ही वेगळी अक्षरं धरली जातात, त्यामुळे उत्तर 'शून्य' येतं. बुद्धी, गती, नीती, वस्तू या शब्दांनाही हीच युक्ती लावा. 'अकस्मात' सापडत नसेल तर शेवटी हलन्त देऊन 'अकस्मात्' बघावा. 'ऐनवेळी' स्वतंत्र शब्द म्हणून न मिळाल्यास 'ऐन' खाली पाहावं, आणि 'आयत्या वेळी' साठी 'आयता' खाली.